बेशुद्ध माणसाची सही

संपादक म्हणाला, कविता दे. कविता नाही. दोन पावसाळे एकच गोष्ट डोक्यात घिरट्या घालतेय आणि ती कवितेत मावत नाही. म्हणून हे लिहितोय. वाकडंतिकडं असेल. मी सूतगिरणीतल्या रिंगखात्यात धागे सांधणारा माणूस. कॉलेजचा उंबरा ओलांडलेला नाही. जे वाचलं ते पाळी सुटल्यावर, डोळ्यांत रुई घेऊन वाचलं. चुकलं तर तोंडावर सांगा.

गोष्ट अशी. २०२३ च्या पावसाळ्यात माझ्या बाचं पोट फुटलं. बा मार्केट यार्डात हमाल. तीस वर्षं पाठीवर पोती. पाठ धरली की मेडिकलमधनं गोळी आणायची, चहाबरोबर गिळायची आणि पुन्हा पोत्याखाली घुसायचं. त्या गोळ्यांनीच जठराला भोक पाडलं. रात्री नऊला मला फोन आला तेव्हा मी दुसऱ्या पाळीला होतो. घरी जाऊन बघतो तर बा गुडघे पोटाशी घेऊन पडलेला, पोट फळीसारखं कडक. रिक्षात घातला आणि मोठ्या दवाखान्यात नेला. पहाटेपर्यंत ऑपरेशन चाललं. भोक शिवलं, पोट धुतलं, पण घाण अंगात भिनली होती. बाला आयसीयूत नेलं, तोंडात नळी घालून मशीनवर ठेवलं.

उजाडताना एक डॉक्टर बाहेर आला. माझ्याच वयाचा. डोळे सुजलेले, सदऱ्यावर चहाचा डाग. त्यानं मला बाकड्यावर बसवलं आणि शेजारी स्वतः बसला. हे ध्यानात ठेवा, शेजारी बसला. म्हणाला, ‘तुमच्या वडलांना बरंच सलाईन द्यावं लागणार. सलाईन दोन तऱ्हेचं असतं. दोन्ही आम्ही रोज वापरतो. दोन्हीतलं कुठलं बरं, ते आम्हाला माहीत नाही. ते शोधायचं काम चाललंय. तुम्ही हो म्हणालात तर कुठलं द्यायचं ते चिठ्ठीवर ठरेल. बाटलीवर नाव नसेल, मलाही कळणार नाही. नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत. वडील शुद्धीवर आले की त्यांनाही विचारू.’

एवढं सगळं तो बोलला. मला ऐकू आलं फक्त एक – माहीत नाही.

मित्रहो, शिकल्यासवरल्या माणसाच्या तोंडून हे शब्द मी जन्मात पहिल्यांदा ऐकले. मास्तरला सगळं माहीत होतं. तलाठ्याला माहीत होतं. देवळातल्या भटाला तर मागचा जन्मसुद्धा माहीत होता, आम्ही त्यात काय पाप केलं तेदेखील. खात्यातल्या सुपरवायझरला धागा का तुटतो ते धाग्याकडं न बघता माहीत असतं. आणि हा पोरगा, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवून, एका हमालाच्या पोराला सांगतोय की आम्हाला माहीत नाही. क्षणभर वाटलं ह्याच्या पाया पडावं. दुसऱ्या क्षणाला वाटलं ह्याची गचांडी धरावी. माहीत नाही तर माझा बाच सापडला काय रे तुला?

मी सही केली. कागद मराठीत होता, हे खरं सांगितलं पाहिजे. चार पानं होती. पहिलं वाचलं, उरलेली तीन नुसती उलटली. दाराच्या आत बा मरायला टेकलेला असताना चार पानं कोण वाचतो?

तेव्हापासून प्रश्न हा – ती सही कुणाची? हात माझा. अंग बाचं. आणि जे कळायचं ते कळणार तिसऱ्याच कुणालातरी, जो अजून आजारीसुद्धा पडलेला नाही. बेशुद्ध माणसाच्या अंगावर कुणाचा हक्क?

आधी चिठ्ठीचं बोलू. चिठ्ठी म्हटलं की आपल्या लोकांना वाटतं जुगार. मलाही वाटलं. मग एके दिवशी खात्यात उभा असताना उजेड पडला. रिंगफ्रेमवर ट्रॅव्हलर म्हणून एक चीज असते. नखाएवढी स्टीलची कडी, रिंगवर गरागरा फिरते, धागा तिच्यातनं जाऊन बॉबिनवर चढतो. कंपनीचा माणूस नवं ट्रॅव्हलर घेऊन येतो आणि म्हणतो, धागा कमी तुटेल. मालक त्याच्या शब्दावर विश्वास ठेवतो काय? नाही ठेवत. एकाच फ्रेमच्या एका बाजूला जुनं लावतात, दुसऱ्या बाजूला नवं. रुई तीच, स्पीड तोच, हवा तीच. मग एक जण वही घेऊन उभा राहतो आणि तुटलेले धागे मोजतो. साहेबाला ज्याच्या कंपनीचं लावायचंय त्याचं चांगल्या फ्रेमवर लावलं आणि दुसऱ्याचं खटारा फ्रेमवर, तर मोजणीला काय अर्थ? डॉक्टरचंही तेच. एखाद्या औषधावर जीव बसला की तो ते धट्ट्याकट्ट्या पेशंटला देणार आणि म्हणणार, बघा कसं लागू पडलं. म्हणून निवड डॉक्टरच्या हातातनं काढून चिठ्ठीच्या हातात द्यायची. चिठ्ठीला जात नाही, ओळख नाही, पाकीट नाही. ह्या देशात माझ्या बाला इतक्या निःपक्षपातीपणे कुणी कधी निवडलं नव्हतं.

इथवर ठीक. पण ट्रॅव्हलरची तपासणी चालते तेव्हा बॉबिनला कुणी विचारत नाही. आणि ज्याला त्या फ्रेमभोवती पळून तुटलेले धागे सांधायचे असतात त्याला, म्हणजे मलाही, विचारत नाही. नवं ट्रॅव्हलर वाईट निघालं तर त्या आठवड्याचं पळणं माझ्या पायांवर.

आता एक हिशेब सांगतो. तो वाचला तेव्हा मी रात्रभर झोपलो नाही. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यायचं. ऐकायला पटतं की नाही? डॉक्टरांनाही पटलं होतं. तीसेक वर्षं जगभरचे कित्येक डॉक्टर अपघातातल्या माणसाला ते देत होते. लहान लहान तपासण्या झाल्या होत्या, पण त्यांतनं धड हो निघत नव्हतं, धड नाही निघत नव्हतं. शेवटी १९९९ मध्ये मोठी मोजणी सुरू झाली. नाव क्रॅश. वीस हजार माणसं घ्यायची ठरली होती. २००४ मध्ये ती दहा हजार आठांवर थांबवली, कारण आकडे बोलायला लागले होते. पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड दिलेल्यांतले १,०५२ मेले. नुसतं पाणी दिलेल्यांतले ८९३. शंभराला २१.१ आणि शंभराला १७.९. म्हणजे औषध मारत होतं.

आता मला सांगा, त्या तीस वर्षांत कुणी कुणाची सही घेतली? कुणाचीच नाही. तो उपचार होता ना. उपचाराला ‘माहीत नाही’ म्हणावं लागत नाही. डॉक्टरनं अंदाजानं औषध दिलं आणि माणूस गेला, तर तो देवाघरी गेला. तेच औषध निम्म्यांना देऊन दुसरा डॉक्टर मोजायला बसला की तो प्रयोग, मग कमिटी, मग चार पानं, मग सही. म्हणजे जो मोजतो त्याला जाब आणि जो मोजत नाही त्याला नमस्कार. दोघंही आमच्याच अंगावर करतायत. फरक एवढाच की एकजण वही ठेवतो.

म्हणून मी वहीवाल्याच्या बाजूचा. पण थांबा. इथंच थांबलो असतो तर लेख सोपा झाला असता.

वहीवाल्यांनी काय काय केलंय तेही आम्हाला माहीत आहे. अमेरिकेत अलाबामा राज्यात माँटगोमेरी म्हणून गाव आहे. तिथं १८४५ ते १८४९ ह्या सालांत जे. मॅरियन सिम्स नावाचा सर्जन होता. बाळंतपणात बाई अडली, दिवसेंदिवस अडली, की मूत्राशयाला भोक पडतं आणि मग जन्मभर लघवी झिरपत राहते. ते भोक शिवायची रीत त्यानं शोधली. कुणावर शोधली? गुलाम बायांवर. तिघींची नावं उरली आहेत – अनार्का, ल्युसी, बेट्सी. बाकीच्यांची उरली नाहीत. घराच्या अंगणात छोटा दवाखाना बांधला आणि मालकांकडून बाया आणल्या. एकट्या अनार्कावर तीसेक वेळा शस्त्रक्रिया. भूल न देता. सुरुवात केली तेव्हा भुलीचा शोध लागला नव्हता म्हणावं, तर १८४६ मध्ये बोस्टनला इथरचा प्रयोग जाहीर झाला होता आणि ह्याचं काम त्यानंतरही तसंच चालू राहिलं. रीत सापडली. ती खरी होती, आजही त्या वाटेनं बाया बऱ्या होतात. सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कात उभा राहिला आणि २०१८ साली एप्रिलमध्ये काढावा लागला. त्या तिघींच्या मूर्ती माँटगोमेरीत उभ्या राहायला २०२१ उजाडलं.

सिम्सनं स्वतः लिहून ठेवलंय की त्या बाया राजी होत्या. असतीलही. दिवसरात्र लघवीनं भिजलेली बाई, जिच्याजवळ कुणी बसत नाही, ती बरं व्हायला राजी होणारच. पण जिला ‘नाही’ म्हणायची सोय नाही तिच्या ‘हो’चं काय करायचं? आमच्या खात्यातल्या रजिस्टरमध्येही लिहिलेलं असतं – कामगारांनी स्वखुशीनं ओव्हरटाइम केला. ती स्वखुशी मला ठाऊक आहे.

नावाचं निघालं म्हणून जाता जाता. कापलेलं नाक कपाळाच्या कातड्यानं नवं करायची विद्या विलायतेला कुठनं गेली माहितेय? आपल्या पुण्याजवळनं. कावसजी म्हणून इंग्रजांच्या फौजेकडं एक मराठा बैलवाला होता, १७९२ च्या लढाईत टिपूच्या लोकांनी त्याचं नाक कापलं. पुण्याजवळच्या एका माणसानं ते नवं करून दिलं. १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’मध्ये ते चित्रासकट छापून आलं. ते वाचून कार्प्यू नावाच्या सर्जननं १८१४ मध्ये लंडनला तीच शस्त्रक्रिया केली. कार्प्यूचं नाव उरलं, कावसजीचं उरलं, बघणाऱ्या साहेबांची उरली. ज्याच्या हातात वस्तरा होता त्याच्याबद्दल एवढंच छापलंय – वीटभट्टीवाल्यांच्या जातीतला.

आता उलटी बाजू. कुणी म्हणेल, आपल्या माणसांनी ह्या मोजणीतनं लांबच राहावं. ना सही, ना चिठ्ठी. लांब राहण्याची गोष्ट आम्हाला कुणी शिकवू नये. बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये १९२९ सालचं एक पत्र दिलंय. काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं. बायको बाळंत झालेली, तापानं फणफणलेली. डॉक्टर वस्तीत यायला तयार नाही. गयावया करून, फी देऊन आणला, तर तो वस्तीबाहेरच थांबला. थर्मामीटर त्यानं एका मुसलमान माणसाच्या हातात दिलं, त्यानं नवऱ्याच्या हातात, नवऱ्यानं बायकोला लावलं आणि त्याच वाटेनं परत. डॉक्टरनं न्यूमोनिया सांगितला आणि निघून गेला. बाई वाचली नाही. ह्या बाईवर कुणी प्रयोग केला नाही बरं का. तिच्या अंगाला कुणी हातसुद्धा लावला नाही. ज्याला शिवत नाहीत तो वहीतही येत नाही. आणि जो वहीत येत नाही त्याच्यासाठी औषध दुसऱ्याच्या अंगावरनं बेतलेलं, दुसऱ्याच्या मापाचा सदरा.

हे आफ्रिकेत नीट कळून आलं. ताप येऊन पोर थंडगार पडलं, हातपाय गार, श्वास लागलेला, की शिरेतनं भराभर सलाईन सोडायचं असं मोठमोठ्या पुस्तकांत लिहिलेलं. श्रीमंत देशांत आयसीयूच्या दाराआड जे करतात तेच सगळ्या जगानं करावं. केनिया, युगांडा आणि टांझानिया ह्या तीन देशांत ३,१४१ पोरांवर ते मोजलं. मोजणीचं नाव फीस्ट, २०११ मध्ये छापून आली. निम्म्याहून जास्त पोरांच्या रक्तात मलेरिया होता. काहींना भराभर साधं सलाईन, काहींना अल्ब्युमिन, काहींना भराभर काहीच नाही, नुसतं हळूहळू लागेल तेवढं. अठ्ठेचाळीस तासांत भराभर दिलेल्यांतली शंभराला साडेदहा पोरं गेली, १०.६ आणि १०.५. हळूहळू दिलेल्यांतली ७.३. ठरलेला आकडा पुरा होण्याआधीच ते थांबवलं.

तिथं सही कशी घेतली तेही सांगतो, कारण माझा प्रश्न तोच आहे. आई पोराला काखेत घालून धावत येते. तिला चार पानं द्यायची? तिला थोडक्यात तोंडी विचारलं, नको असेल तर नाही म्हणता येईल असं सांगितलं, आणि पोर सावरल्यावर सगळं समजावून मग लेखी संमती घेतली. ज्यांचं पोर त्याआधीच गेलं त्यांच्यापुढं कागद ठेवायचा नाही, असं कमिट्यांनी मान्य केलं होतं. ज्यानं हे ठरवलं त्यानं कधीतरी मेलेल्या लेकराची आई जवळून पाहिली असणार.

मी ह्या फीस्टवर फार दिवस अडकलोय. एकीकडं म्हणावंसं वाटतं, शाब्बास, आमच्या मापाचा सदरा आमच्या अंगावर कुणीतरी बेतून बघितला. हे झालं नसतं तर पुस्तकातल्या आज्ञेनं किती वॉर्डांत किती पोरं गेली असती आणि त्यांची वही कुणीच ठेवली नसती. दुसरीकडं शंभरामागं तीन पोरं जी जास्त गेली त्यांना नावं होती. आणि घशात अडकणारं हाड वेगळंच आहे. ‘भराभर काहीच नाही’ हा गट तिथं ठेवता आला, कारण त्या दवाखान्यांत व्हेंटिलेटर नव्हते आणि तसं सलाईन सोडायची रोजची रीतच नव्हती. श्रीमंत देशात असा गट ठेवू म्हटलं असतं तर कमिटीनं कागद फेकून दिला असता. म्हणजे सगळ्या जगाला उपयोगी पडलेलं उत्तर गरिबीमुळं मिळालं. गरिबीचे उपकार मानायचे काय? मला उत्तर नाही. डॉक्टरसारखं मीही म्हणतो, माहीत नाही.

पैशाचीही एक बाजू आहे, आपल्या लोकांनी समजून घ्यावी अशी. आयसीयूच्या दारात नातेवाइकाच्या हातात चिठ्ठी देतात – ही निराळी चिठ्ठी – अल्ब्युमिनची बाटली आणा. हजारांत किंमत. माणसांच्या रक्तापासून बनवतात. आमच्या शेजारच्या बाकावरच्या बाईनं त्यासाठी कानातलं विकलं. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये आयसीयूतल्या ६,९९७ माणसांवर मोजलं होतं, २००४ मध्ये छापलं. अल्ब्युमिनवाले ७२६ मेले, साध्या मिठाच्या पाण्यावाले ७२९. सात हजार माणसांत तीनाचा फरक, म्हणजे फरकच नाही. काही ठरावीक आजारांत अल्ब्युमिन लागतं, ते मी नाकारत नाही. पण त्या बाईच्या नवऱ्याला ते कशासाठी हवं होतं, हे विचारायची तिची छाती नव्हती. माझीही नव्हती. ते ६,९९७ परके लोक तिच्या कानातल्याच्या बाजूनं उभे होते आणि तिला त्यांचा पत्ता नव्हता.

आणि सगळी मोजणी औषधाचीच असते असंही नाही. ऑपरेशनच्या टेबलाजवळ सगळ्यांनी काही प्रश्न मोठ्यानं विचारायचे, अशी यादी जागतिक आरोग्य संघटनेनं काढली. पेशंट कोण, कुठलं ऑपरेशन, कुठली बाजू, फडकी मोजली का. कातडीला सुरी लावायच्या आधी खोलीतल्या प्रत्येकानं आपलं नाव आणि काम सांगायचं. आठ शहरांतल्या आठ दवाखान्यांत बघितलं, त्यात दिल्लीही होती. २००९ मध्ये छापलं. ऑपरेशननंतरचे मृत्यू शंभराला दीडवरनं ०.८ वर आले. त्याचा पुढारी अतुल गावंडे, बाप आत्माराम गावंडे आपल्या विदर्भातल्या उटी गावचा. मला ह्यातलं काय आवडलं? नाव सांगायचं ते. ज्या सिस्टरला सर्जन ‘ए’ म्हणून हाक मारतो तिनं आधी स्वतःचं नाव उच्चारलं की पुढं फडकं कमी भरलं तर तिच्या तोंडून शब्द फुटतो. आमच्यातल्या पुष्कळ जणांची तोंडं नाव न विचारल्यानंच बंद झाली आहेत. पण पुढचंही ऐका. कॅनडातल्या ऑन्टॅरिओत १०१ दवाखान्यांना ती यादी लावली, २०१४ मध्ये निकाल आला, मृत्यूत म्हणावा असा फरक नाही. ज्यानं गिरणीतलं सेफ्टी रजिस्टर बघितलंय त्याला ह्याचं आश्चर्य वाटणार नाही. टिक मारायला काय लागतं!

सहीचंही तसंच. औषधांच्या चाचण्यांत गरीब माणसांना न सांगता वापरलं अशा तक्रारी सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि २०१३ सालापासून आपल्याकडं नव्या औषधाच्या चाचणीत संमतीचं चित्रीकरण आलं. २०१९ च्या नियमांत ते दुबळ्या गटांतल्या लोकांसाठी ठेवलं. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हवा. चांगलं आहे, मी नावं ठेवत नाही. पण दुबळा कोण? माझा बा दीड मणाचं पोतं उचलायचा आणि मला लिहिता-वाचता येतं. तरी त्या पहाटे मी दुबळा होतो. माझ्यापुढं कॅमेरा लावला असता तर मी कॅमेऱ्यात बघून हो म्हटलं असतं. ‘नाही म्हणालात तरी उपचार थांबणार नाहीत’ हे तो पोरगा खरं बोलत होता. मला मात्र ते खरं वाटलं नव्हतं. खरं सांगायचं तर सही त्या भीतीनं झाली. आमच्या पिढ्यान् पिढ्यांना अनुभव हाच की नाही म्हटलं की काहीतरी थांबतं – पाणी थांबतं, मजुरी थांबते, दळण थांबतं. सलाईनच कसं थांबणार नाही? चार पानांचा कागद हे फेडू शकत नाही. तो शेजारी बसला, त्यानं थोडं फेडलं.

बा अकराव्या दिवशी बोलला. आवाज नळीनं खरवडलेला. वॉर्डातले मामा त्याला कुशीवर वळवत होते. पंधरवड्यानं घरी आणला. पेज प्यायला लागला तेव्हा एका संध्याकाळी मी सगळं सांगितलं. चिठ्ठी, दोन सलाईनं, सही. मला वाटलं, म्हणेल, बरं केलंस. बा बराच वेळ गप्प बसला.

‘मला इचारलं का?’

‘तू बेशुद्ध हुतास बा.’

‘मग शुद्धीवर आल्यावर?’

डॉक्टर म्हणाला होता विचारू. कुणी आलं नव्हतं. आणि मीही विसरलो होतो. म्हणजे विसरलो नव्हतो, बा वाचला ह्या आनंदात मी ती गोष्ट माझ्यापुरती मिटवून टाकली होती. बाच्या अंगाबद्दलची गोष्ट मी बाला न विचारता मिटवली.

‘तुला इचारलं असतं तर काय म्हणला असतास?’

‘व्हय म्हणलो असतो.’

‘मग झालं की.’

‘झालं कसं?’ बा उठून बसला. टाक्यावर हात ठेवला. ‘अरं, पोतं पाठीवर घ्यायच्या आदी हमाल ते हलवून बगतो. किती वजन, कुटं कललंय. कुणीतरी हलवून बगितल्याबिगर उचलू ने. दुसऱ्यासाटी मी पडलो असतो की पोतं हून. पन माजं वज माज्या ध्यानात आनून द्यायला पायजे हुतं. मी व्हय म्हणलो असतो ह्ये तुज्यापाशी कुटं लिवलं हुतं?’

मी काय बोलणार? जन्मभर दुसऱ्यांनी त्याच्यासाठी हो म्हटलं. आज्यानं लग्नाला, मुकादमानं पोत्याला. सरकारी कागदावर त्याचा अंगठा धरून दुसऱ्यानंच टेकवला. आणि शेवटी पोरानं, चार बुकं वाचलेल्या पोरानं.

पुढच्या सुट्टीला मी दवाखान्यात गेलो. तो डॉक्टर पाळी संपवून दुसरीकडं गेला होता. टेबलावरच्या बाईंनी वहीत बघितलं. म्हणाल्या, कुणाला कुठलं सलाईन गेलं ते सगळी मोजणी संपेपर्यंत उघडत नाहीत. ते मला पटलं, ट्रॅव्हलरचं आठवलं. मी म्हटलं, वडलांना विचारायचं राहिलंय तुमचं. त्यांनी मान वर करून बघितलं. माझा फोन नंबर लिहून घेतला आणि म्हणाल्या, कळवू.

बा आता पोती उचलत नाही. यार्डाच्या फाटकाजवळ बसून गाड्या मोजतो. रात्री मी पाळीवरनं आलो की जागाच असतो. ताट पुढं ओढताना विचारतो, ‘काय रं, आपली चिठ्ठी कुठली निगाली?’

मी म्हणतो, अजून फोन आला नाही.